कूलरच्या टाकीतून संगणकाला गारवा

नवतपा सुरू झाला की चंद्रपुरात दुपारी बारा ते पाच रस्ते ओस पडतात. २०१९ च्या मे महिन्याच्या शेवटी शहराचा पारा ४८ अंशांच्या घरात गेला होता, आणि ४५ पार होणे तर इथे एप्रिलपासूनच सुरू होते. माणसे घरात बसून दुपार काढतात, पण सेतू केंद्रातला, फोटो स्टुडिओतला किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या टेबलावरचा संगणक त्याच दुपारी कामाला जुंपलेला असतो. लग्नसराईचे व्हिडिओ नेमके मे महिन्यात एडिट व्हायचे असतात. मग पंखा किंचाळू लागतो, रेंडरिंग रखडते आणि कधी मशीन मध्येच बंद पडते.

प्रोसेसर उष्णतेपासून स्वतःला वाचवतो. रायझन ५ ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश आहे, इंटेलच्या आय५-१२४०० ची १००. त्या मर्यादेशी पोचला की तो वेग कमी करतो आणि तरीही उष्णता वाढली तर वीज तोडून मोकळा होतो. दोन्ही प्रोसेसरांवर ६५ वॅट लिहिलेले असते, पण पूर्ण जोर लावल्यावर पहिला ७६ पर्यंत आणि दुसरा ११७ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. ती सगळी वीज शेवटी उष्णतेत बदलते. कंपनीने दिलेला छोटा पंखा पूर्ण भाराखाली चिपचे तापमान हवेपेक्षा ४५ ते ५० अंशांनी वर ठेवतो, असा ढोबळ हिशेब धरावा. पुण्यातल्या २८ अंशांच्या खोलीत हे सहज निभते. चंद्रपुरातल्या ४० अंशांच्या खोलीत गणित तिथेच संपते.

पाण्याच्या मागे लागण्याआधी दोन साधी कामे उरकावीत. दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस, बल्लारपूर या पट्ट्यात कोळशाची बारीक काळी धूळ घराघरात शिरते आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये थर धरून बसते. ती ब्लोअरने काढावी. वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. एवढ्यावर पाच-दहा अंश उतरले, तर बऱ्याच जणांचे काम भागते. त्यानंतरही अडचण असेल तर दीड-दोन हजारांचा उभा टॉवर एअर कूलर हा पहिला पर्याय आहे. सेतू केंद्रातल्या टायपिंग आणि प्रिंटिंगच्या मशीनला वॉटर कूलिंग करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करणारे, थ्रीडीची कामे करणारे, पेटीत मोठे ग्राफिक्स कार्ड बसवलेले आणि एसी परवडत नसलेले, अशांसाठी पुढचा खटाटोप आहे.

बाजारात मिळणारे तयार वॉटर कूलिंग संच पाच-सहा हजारांपासून पुढे जातात. त्यात प्रोसेसरवर बसणारा ब्लॉक, छोटा पंप आणि पंखे लावलेला रेडिएटर असतो. पाणी चिपची उष्णता घेते आणि रेडिएटर ती हवेला देतो. मेख इथेच आहे. रेडिएटरमधले पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. खोली ४० अंशांवर असेल, तर १०० वॅटच्या भाराखाली एका पंख्याच्या साध्या रेडिएटरमधले पाणी ५० च्या आसपास फिरत राहते. म्हणजे पैसे खर्चून झाले तरी उन्हाळा हटलेला नसतो.

यावरचा तोडगा चंद्रपूरकर रोज पाहतात. शहराच्या उत्तरेला ऊर्जानगरात महाऔष्णिक वीज केंद्राचे अवाढव्य कूलिंग टॉवर उभे आहेत. सध्या २,९२० मेगावॅट क्षमतेच्या या केंद्रात दोन वेगळी पाणी फिरतात. बॉयलर आणि टर्बाइनमधून जाणारे पाणी अतिशुद्ध केलेले असते आणि ते बंद वर्तुळात फिरते. त्याची उष्णता काढून घेणारे पाणी इरई धरणातून येते आणि टॉवरमध्ये हवेवर सांडून, थोडे वाफ होऊन थंड होते. कंडेन्सरच्या नळ्यांच्या भिंतीआडून उष्णता एका पाण्यातून दुसऱ्यात जाते, पण पाणी पाण्यात मिसळत नाही. २०१० च्या उन्हाळ्यात इरईने तळ गाठला, तेव्हा कोळसा असूनही या केंद्रातले संच बंद ठेवावे लागले होते. वाफ होऊन उडायला पाणी लागतेच.

घरातला कूलर हेच काम करतो. बाहेर ४६ अंश आणि हवेत आर्द्रता १५ टक्के असेल, तेव्हा ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक जेमतेम २४-२५ अंश दाखवतो. वाळ्याच्या किंवा लाकडी गवताच्या ताट्यांवरून सतत ओघळून परत येणारे कूलरच्या टाकीतले पाणी त्या आकड्याच्या जवळ सरकते. कूलर तासभर चालला की टाकीत हात घालून बघावे. कोरड्या मे महिन्यात २७-२८ अंशांचे पाणी आयते तयार असते. ते खिडकीत मिळत असताना ४० अंशांच्या हवेला उष्णता देणारा रेडिएटर विकत घेण्यात अर्थ नाही.

म्हणून या भागासाठीची स्वस्त रचना अशी: संगणकाच्या बंद वर्तुळात शुद्ध पाणी, आणि त्या वर्तुळाचा एक भाग तांब्याच्या नळीचे वेटोळे करून कूलरच्या टाकीत बुडवलेला.

ही कल्पना आकाशातून पडलेली नाही. आयबीएमने १९८० च्या ३०८१ या मोठ्या संगणकात चिपांच्या डोक्यावर पाणी खेळवले होते. नव्वदीच्या अखेरीस हौशी मंडळी मोटारीचे हीटर कोअर आणि मत्स्यटाकीचे पंप जोडून घरीच असले प्रयोग करू लागली. ॲपलने २००४ मध्ये पॉवर मॅक जी५ मध्ये द्रवाने थंड होणारी यंत्रणा दिली. त्यातल्या काही संचांमध्ये पुढे गळती झाली आणि आतले भाग खराब झाले. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेला ‘परम ब्रह्म’ हा सी-डॅकचा महासंगणकही पाण्यानेच थंड ठेवला जातो, कारण पाणी हवेपेक्षा उष्णता फार सहज वाहून नेते. एका मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल, तर १०० वॅट उष्णता घेऊनही ते जेमतेम दीड अंशाने तापते. म्हणजे मोठा पंप लागत नाही.

आता साहित्य. फ्रीज-एसी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे मऊ तांब्याची नळी मिळते. तीन सूत, म्हणजे ३/८ इंच जाडीची, तीन मीटर घ्यावी. वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि किंमत तांब्याच्या चालू भावावर ठरते. सहा इंची पीव्हीसी पाइपाच्या तुकड्याभोवती ती हळूहळू गुंडाळली की साधारण सहा वेढे बसतात. घाई केली तर नळी चेपते. चेपलेली जागा सरळ करायच्या नादी न लागता तेवढा भाग कापावा. एवढ्या वेटोळ्यातून १०० वॅट उष्णता टाकीत उतरवायला आतल्या आणि बाहेरच्या पाण्यात चार-पाच अंशांचा फरक पुरतो. म्हणजे बाहेर आग ओकत असताना ब्लॉककडे जाणारे पाणी ३२-३३ अंशांवर राहू शकते.

प्रोसेसरवर बसणारा ब्लॉक तांब्याचाच हवा. ऑनलाइन बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळणारे ४० बाय ४० मिलिमीटरचे चंदेरी ब्लॉक ॲल्युमिनियमचे असतात, आणि सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. एकाच पाण्यात तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजायला लागते. पाणी गढूळ होते, पांढरा चोथा ब्लॉकच्या बारीक खाचांत अडकतो आणि काही महिन्यांत प्रवाह मंदावतो. आधी वाचवलेले तीनशे रुपये मग मदरबोर्डाच्या किमतीने फेडावे लागू शकतात. ब्लॉकसोबत आपल्या सॉकेटची पकड येते का तेही पाहावे. एएम४ च्या छिद्रांमधले अंतर ५४ बाय ९० मिलिमीटर असते, एलजीए १७०० चे ७८ बाय ७८, आणि त्याआधीच्या ११५एक्स व १२०० चे ७५ बाय ७५. पकड नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड पट्टीत छिद्रे पाडून घेता येतात. स्क्रू कोपऱ्याच्या समोरचा कोपरा या क्रमाने, थोडे थोडे आवळावेत. एक बाजू आधी पूर्ण घट्ट केली तर ब्लॉक तिरका बसतो आणि पाणी कितीही गार असले तरी चिप तापतच राहते.

पंप १२ व्होल्ट डीसी, ब्रशलेस घ्यावा. लेबलवर ताशी २४० लिटर लिहिलेला छोटा पंप तीन-चारशे रुपयांत येतो. प्रत्यक्षात नळ्या, वेढे आणि ब्लॉक यांतून त्याच्या निम्मे पाणी आले तरी भरपूर झाले. कूलरचा २३० व्होल्टवाला पंप या आतल्या वर्तुळात वापरू नये. याचे एक कारण सुरक्षिततेचे आहे, दुसरे वीज जाण्याचे. शेजारच्या गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्ली, सिरोंचा भागात वादळवाऱ्यात लाइन जाणे नेहमीचेच. लाइन गेली आणि संगणक यूपीएसवर चालू राहिला, तर घरच्या विजेवरचा पंप थांबतो आणि चिप काही क्षणांत तापते. १२ व्होल्टचा पंप संगणकाच्या एसएमपीएसवरूनच चालवला की दोन्ही एकत्र चालू आणि एकत्र बंद होतात.

नळीसाठी गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक पीव्हीसी नळी उत्तम. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आठ मिलिमीटर आतल्या व्यासाची घ्यावी, टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करावे आणि तांब्यावर दामटून चढवावे. प्रत्येक जोडावर स्टीलची क्लिप हवी. सुतळी, सेलोटेप किंवा नुसता घट्टपणा यांवर भरवसा ठेवू नये. खिडकीबाहेरच्या नळीवर एसीच्या पाइपाचे काळे फोम चढवावे. उन्हात पीव्हीसी नरम पडते आणि उजेड मिळाला की आत शेवाळ धरते.

पाणी म्हणजे बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी. पाच लिटरचा कॅन बॅटरीवाल्याकडे मिळतो. त्याच दुकानात बॅटरीचे ॲसिडही तशाच कॅनमध्ये असते, म्हणून लेबल वाचूनच कॅन उचलावा. घरचे आरओचे पाणी चालणार नाही, कारण त्यात क्षार शिल्लक असतात. बोअरचे तर नावच नको. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कित्येक गावांत भूजल जड आहे, वरोरा-कोरपना भागात त्यात फ्लोराइडही आहे. असे पाणी ब्लॉकमध्ये पांढरा थर धरते. पाण्यात दहा टक्के मोटारीचे कूलंट मिसळले की गंज आणि शेवाळ दोन्ही रोखले जातात. मात्र कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि विषारी असते. लहान मुले आणि कुत्री-मांजरे यांच्यापासून कॅन लांब ठेवावा, सांडलेले लगेच पुसावे.

पाणी भरायची जागा म्हणून घट्ट झाकणाची प्लास्टिकची बरणी पुरते. ती सगळ्या वर्तुळात सर्वांत उंचावर टांगावी. बरणी खाली आणि कूलर वर अशी मांडणी झाली, तर झाकण उघडताच वरचे पाणी खाली येऊन टेबलभर होते. पंप बरणीच्या खाली, म्हणजे त्यात हवा अडकत नाही.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा झटका लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. पत्र्याचा कूलर, ओली जमीन, जुनी वायर आणि अर्थिंग नसलेला प्लग एकत्र आले की हे घडते. इथे तर कूलरच्या टाकीतल्या तांब्याच्या वेटोळ्यातले पाणी नळीवाटे थेट संगणकापर्यंत पोचणार आहे. डिस्टिल्ड पाणी वीज फारशी वाहत नाही, पण कूलंट मिसळले की वाहते. म्हणून प्लास्टिक बॉडीचाच कूलर वापरावा. घराच्या बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि कूलर व संगणक दोन्ही तीन पिनांच्या, खरोखर अर्थिंग असलेल्या सॉकेटवर हवेत. अर्थिंग आहे की नाही हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, तिसरे छिद्र दिसते एवढ्यावर समाधान मानू नये. टाकीत हात घालण्यापूर्वी कूलरचा प्लग काढावा. बटण बंद करणे पुरेसे नाही. ज्या घरात आरसीसीबी बसवणे शक्य नाही, तिथे ही रचना करूच नये. तिथे टॉवर एअर कूलरवर थांबावे.

पत्र्याच्या टाकीला आणखी एक अडचण आहे. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याला तांबे टेकले की पत्रा भराभर गंजतो. प्लास्टिकच्या टाकीत हा प्रश्न येत नाही. वेटोळे टाकीच्या तळाशी, कूलरच्या पंपाजवळ ठेवावे. तिथले पाणी हलते असते आणि पातळी उतरली तरी नळी बुडालेली राहते.

जोडणी झाली की लगेच संगणक सुरू करण्याचा मोह आवरावा. ब्लॉक अजून प्रोसेसरवर बसवू नये. सगळे वर्तुळ टेबलावर मांडावे, प्रत्येक जोडाखाली कागदी रुमाल ठेवावा आणि सीसीटीव्हीच्या १२ व्होल्ट, २ अँपिअरच्या ॲडॅप्टरवर पंप रात्रभर आणि पुढचा दिवसभर चालवावा. सुरुवातीला बुडबुडे येतात. ब्लॉक आणि वेटोळे हलवून-तिरके करून हवा बरणीकडे पळवावी आणि पातळी परत भरावी. चोवीस तासांनंतर रुमालावर ओलसर ठिपका नसेल तरच पुढे जावे. एका जोडाला जरी थेंब दिसला, तरी तो दुरुस्त करून चोवीस तास नव्याने मोजावेत.

ब्लॉक बसवल्यावर दोन गोष्टी हमखास राहून जातात. जुना पंखा चिपबरोबर आजूबाजूच्या भागांवरही वारा घालत होता. तो काढला की प्रोसेसरला वीज पुरवणारे व्हीआरएम उघडे पडते आणि चिप गार असूनही मशीन अडखळते. त्या भागावर रोखलेला ८० किंवा १२० मिलिमीटरचा एक पंखा ठेवावा. त्याचीच वायर मदरबोर्डावरच्या ‘सीपीयू फॅन’च्या जागी लावावी. दोन वायरींचा स्वस्त पंप आपल्या फिरण्याची खूण मदरबोर्डाला देत नाही, आणि तिथे काहीच जोडलेले नसेल तर अनेक बोर्ड पंख्याची चूक दाखवून सुरूच होत नाहीत. मात्र यामुळे पंप बंद पडल्याचेही बोर्डाला कळणार नाही. म्हणून एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ८५ अंशांना इशारा लावून ठेवावा आणि पहिले काही दिवस आकड्यांवर लक्ष ठेवावे.

कूलर काही वेळ बंद राहिला तर लगेच काही बिघडत नाही. टाकीतले ४० लिटर पाणी १०० वॅटने एक अंश तापायला साधारण २८ मिनिटे लागतात. दुपारी चार तास कूलर बंद राहिला, तरी संगणकामुळे टाकी आठ-नऊ अंशांनीच वर जाईल. संगणकाच्या उष्णतेने जादा वाफ होऊन उडणारे पाणीही किरकोळ आहे, १०० वॅटला तासाला जेमतेम दीडशे मिलिलिटर. कूलर स्वतः त्याच्या कित्येक पट पितो. टाकी मात्र कोरडी पडू देऊ नये.

मे महिन्यात टाकीत बर्फाची लादी टाकायची कल्पना अनेकांना सुचते. ती टाळावी. नुसत्या बाष्पीभवनाने पाणी कधीच इतके गार होत नाही की हवेतली वाफ नळीवर जमावी. बर्फाने मात्र होते. ४६ अंशांच्या कोरड्या हवेतही १३ अंशांखालच्या पृष्ठभागावर दव धरते आणि पावसाळ्यात तर २४-२५ अंशांनाच. ते दव ब्लॉकवरून ओघळून सॉकेटमध्ये उतरते.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करावी. डेंग्यूचा डास कूलरच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. वेटोळ्यावर क्षारांचा पांढरा थर दिसला, तर पातळ व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून धुवावे. त्या थरातून उष्णता नीट उतरत नाही. आतले पाणी वर्षातून एकदा बदलावे. त्याआधीच त्याचा रंग हिरवट किंवा गढूळ झाला, तर ब्लॉक खोलून पाहावा.

मृगाचा पाऊस पडला की हवेत दमटपणा येतो आणि कूलर निरुपयोगी होतो. तोवर हवाच तिशीपर्यंत उतरलेली असते, तेव्हा साधा रेडिएटर पुरतो. त्यासाठी वर्तुळात सुरुवातीपासूनच तांबे-पितळेचा एक छोटा रेडिएटर जोडून ठेवणे सोयीचे. भंगार बाजारात जुन्या गाड्यांचे हीटर कोअर मिळतात, पण त्यांतले बरेचसे ॲल्युमिनियमचे असतात. खरवडून पिवळा किंवा तांबूस धातू दिसला तरच घ्यावा आणि आतला गाळ निघेपर्यंत धुवावा. त्याच्यामागे १२० मिलिमीटरचा पंखा लावला की जून ते फेब्रुवारी त्याच्यावर निघतो. उन्हाळ्यात तो पंखा बंद ठेवावा, नाहीतर गार झालेल्या पाण्याला खोलीतली गरम हवा पुन्हा तापवत बसते.